"गुण का येत नाही?" असं विचारणाऱ्या एका आईला

तासगाव तालुक्यातल्या एका आईनं विचारलंय. मुलगा सहा वर्षांचा. साडेसात महिन्यांत जन्मला, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालींवर ताबा नाही. धरून बसवलं तर बसतो, चालत नाही. मधूनमधून झटके येतात, त्याच्या गोळ्या चालू आहेत. नातू स्वतःच्या पायांनी चालत दर्शनाला येईल, असा नवस सासूबाईंनी औदुंबरच्या दत्ताला बोललाय. आई पाच वर्षं गुरुवार आणि संकष्टी धरते. सासूबाई आता म्हणतात, "तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून गुण येत नाही." तिला स्वतःला मात्र देवघरासमोर बसवत नाही, बसलं की रागच येतो. तिनं शेवटी लिहिलंय, "माझा विश्वास उडत चाललाय. त्याचं पाप माझ्या लेकराला लागेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही लागणार. तुमच्या मनात काय चाललंय त्यावर त्याच्या पायांचा ताण कमीजास्त होत नाही. तुम्ही रागावलात म्हणून झटका येत नाही आणि तुम्ही उपास केला म्हणून तो थांबत नाही. एवढं आज रात्री मनाशी धरून झोपा, बाकीचं सावकाश वाचा.

मी सांगलीत सव्वीस वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी करते. आया मला 'व्यायामाच्या मॅडम' म्हणतात. गादीवर मुलाचे ताठलेले पाय हळूहळू सैल करत बसलं की समोरची आई जे बोलते, ते ती डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलत नाही. तिथं विचारायचं असतं गोळीचं, तपासणीचं, खर्चाचं. "माझं काय चुकलं?" हे गादीजवळ विचारलं जातं, तेही मुलाकडं बघत, माझ्याकडं न बघता. कुणाच्या मनगटात गणपतीचा लाल दोरा असतो, कुणी मिरजेच्या दर्ग्यातून आलेली असते, कुणाच्या गळ्यात क्रूस असतो. प्रश्न एकच असतो.

म्हणून आधी काय घडलं ते समजून घ्या. दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेनं पायांना हुकूम नेणारे धागे जातात. रक्तपुरवठा थोडा जरी बिघडला तरी पहिला मार त्या कडेला बसतो. हातांचे धागे जरा बाहेरून जातात. म्हणून अशा बऱ्याच मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तुमच्या बाळाचं असंच असेल असा माझा अंदाज आहे, फाईल बघितली की नक्की सांगेन. दुसऱ्या मुलांत कारणं वेगळी असतात: जन्मताना श्वास कोंडणं, पहिल्या आठवड्यात कावीळ फार वाढणं, मेंदूज्वर. पण हे सगळं घडलं तेव्हा तुमची श्रद्धा कमीही नव्हती आणि जास्तही नव्हती. तुम्ही बाळंतीण होऊन पडला होता आणि बाळ काचेच्या पेटीत होतं.

ग्रहणात विळी हातात घेतली, अमावस्येला शेतातून आली, डोहाळजेवणात कुणाची तरी नजर लागली, हे सगळं बाईलाच ऐकवलं जातं. बाप ग्रहणात कुठं होता हे कुणी विचारत नाही. सव्वीस वर्षांनंतरही मला याचा संताप येतो. मागच्या जन्मीच्या पापाचंही तसंच. ज्या घरात मूल जन्मलंय त्या घराला वाण्याच्या वहीसारखा हिशेब दाखवायचा, आणि वही मात्र कुणी बघितलेली नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, नात्यात लग्नं होतात. काही आनुवंशिक आजारांत, काही प्रकारच्या बहिरेपणात ते कारण असू शकतं. तसं नातं असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला घ्या. कारण शोधणं वेगळं आणि दोष देणं वेगळं.

आता जे सांगणार आहे ते ऐकायला जड आहे, पण नवसाचा विषय त्याशिवाय सुटणार नाही. आमचा अनुभव असा की जे मूल दोन वर्षांचं होईपर्यंत आधाराशिवाय बसतं, ते पुढं बहुतेक वेळा चालतं. चार वर्षांपर्यंत जे आधाराशिवाय बसत नाही, ते आधाराशिवाय चालण्याची शक्यता फार कमी असते. तुमचं बाळ सहा वर्षांचं आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी शेवटचा शब्द देणार नाही, पण "चालेल हो, देव करेल" असं तुमच्या समाधानासाठीही म्हणणार नाही. या वयानंतर आमचं काम बदलतं. खुर्चीत नीट, न दुखता बसता यावं. हातानं घास धरता यावा. हवं-नको सांगता यावं, बोलून नाही तर बोट दाखवून, चित्र दाखवून. तुम्ही उचलताना त्यानं थोडा भार पायांवर घ्यावा. आणि खुब्याचे सांधे जागेवर राहावेत. मेंदूतली इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात आणि ताठ स्नायू तेवढे लांब होत नाहीत. त्यामुळं न चालणाऱ्या मुलांत खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षानं कमरेचा एक्स-रे काढायचा असतो तो यासाठी. तुमच्या पत्रात नवसाची तारीख आहे, एक्स-रेचा उल्लेख नाही. म्हणून विचारते, शेवटचा कधी काढला?

नवसाबद्दल मला एक आजी आठवतात, जतकडच्या. त्यांचा नवस आरेवाडीच्या बिरोबाला होता, अट तुमच्यासारखीच: नातू चालत येईल. नातू नऊ वर्षांचा झाला, चालला नाही. फिटत नाही आणि मोडताही येत नाही, असा तो नवस घराच्या आढ्याला टांगून राहिला होता. गाय आटली तरी नवस, पाऊस लांबला तरी नवस. शेवटी आजींनीच पुजाऱ्याला जाऊन विचारलं. ते म्हणाले, "आज्जी, अट तुम्ही घातली. देवानं कुठं घातली?" मग ती मंडळी नातवाला चाकाच्या खुर्चीतून बिरोबाच्या बनात घेऊन गेली. पायांना स्प्लिंट होते, म्हणजे पाऊल सरळ धरणारे साचे; ते काढले तर पाऊल वाकडं होतं. आजींनी जुन्या लुगड्याच्या कापडाची खोळ शिवली, स्प्लिंटवर चढवायला, फक्त देवळासाठी. पुढच्या महिन्यात ते माझ्याकडं आले तेव्हा खुर्चीच्या चाकांच्या खाचेत भंडारा तसाच पिवळाधमक होता. आजी कुणाला पुसू देत नव्हत्या.

मूल तेच होतं. पायही तेच होते. पण त्या दिवसापासून आजी नातवाकडं बघताना आधी पायांकडं बघायच्या बंद झाल्या. हा फरक मला गादीवर कळतो. आज किती जमलं हे जोखण्यासाठी ज्या मुलाकडं बघितलं जातं, ते मूल अंग आणखी ताठ करतं. ताई, मुलाच्या पायांवर देवाची परीक्षा लावू नका आणि तुमच्या श्रद्धेचीही लावू नका. ते पाय आधीच खूप ओझं वाहतात.

औदुंबरलाही विचारून बघा. कृष्णेकाठच्या त्या पायऱ्यांवरून त्याला उचलून नेताना एकटीनं उचलू नका, आणि नदीत स्नान घालायचं असेल तर थंडीत नको. गार पाण्यानं अंग एकदम आखडतं आणि ज्याला झटके येतात त्याला पाण्यात क्षणभरही हातातून सोडायचं नसतं. बाकी दर्शनाला माझी काहीच हरकत नाही.

हे सांगायला मी एका चुकीतून शिकले. नोकरी नवी होती तेव्हा एका बाईच्या मुलाच्या दंडात मोठा ताईत होता, व्यायामात अडकत होता. मी तिला सगळ्यांदेखत बोलले. शिकलेली आहेस, हे काय बांधून आणलंयस, असं काहीतरी. ती ताईत काढून, मान खाली घालून निघून गेली आणि आठ महिने आली नाही. परत आली तेव्हा मुलाचा डावा खुबा निखळलेला होता, शस्त्रक्रियेची वेळ आली. ताईतानं त्या मुलाचं काही बिघडवलं नव्हतं. माझ्या बोलण्यानं बिघडलं. आता दोरा व्यायामात आड येत असेल तर मी विचारते, "हा गळ्यात घातला तर चालेल का?" चालतं.

पण एक रेघ आहे आणि तिथं मी कुणाचंच ऐकत नाही. झटक्यांच्या गोळ्या. "गोळ्या बंद करा, मग अंगारा लागू पडेल" असं म्हणणारे देवऋषी आपल्याकडं आहेत. ही गोळी अचानक बंद केली तर झटका थांबतच नाही अशी अवस्था येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो. कवलापूरच्या पुढून पहाटे निघून मिरजेला पोचेपर्यंत सलग झटक्यात असलेलं मूल मी बघितलंय. ते वाचलं, पण त्याचं पूर्वीचं हसू परत यायला दीड वर्ष लागलं. त्या घरानं गोळ्या अश्रद्धेनं नाही, श्रद्धेनं बंद केल्या होत्या. गोळी कमी करायची तर ती मेंदूच्या डॉक्टरांनी, थोडी थोडी करत. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा नि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांच्या वर गेला तर सरळ दवाखाना.

दुसरी गोष्ट मारण्याची. बाहेरचं लागलंय म्हणून मुलाला चाबकानं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला; ते या कायद्यासाठी कित्येक वर्षं झटत होते. मतिमंद मुलात दैवी शक्ती आहे असं भासवून त्याचा धंदा करणं हेही त्याच कायद्यात गुन्हा आहे. हे लिहिलं की लोकांना वाटतं मॅडम देवाच्या विरुद्ध आहेत. त्याच कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना मोकळीक आहे. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, त्यांची भीती तेवढी कमी होईल.

आता तुमच्या रागाकडं येते. देवघरासमोर बसलं की राग येतो म्हणता. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याच्यावर कुणी रागावतं का? तुमचं भांडण चालू आहे, आणि विठोबाशी भांडणं ही आपल्या वारकऱ्यांची जुनी रीत आहे. त्याला चार शब्द सुनावणाऱ्यांना आपण संत म्हणतो, पापी म्हणत नाही. काही दिवस नाहीच बसवलं देवघरासमोर, तर नका बसू. दिवा सासूबाई लावतील. आणि भांडूनही शेवटी विश्वास परत आलाच नाही, तरी तुम्ही वाईट आई ठरत नाही. माझ्याकडं अशा आया आहेत ज्यांनी देव पूर्ण सोडला. त्यांची मुलं वेळेवर व्यायामाला येतात, स्वच्छ असतात, हसतात. रोज पोथी वाचणाऱ्या आयांचीही येतात. यात मला कधी डावंउजवं करता आलं नाही.

माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर माणच्या बाजूचे एक आजोबा नातीला घेऊन बसायचे, वारकरी होते. ते एकदा दुसऱ्या एका रडणाऱ्या आईला कूर्मदासाची गोष्ट सांगत होते. पैठणचा कूर्मदास, हात नाहीत, पाय नाहीत, पोटावर सरपटत पंढरीला निघाला. लऊळपर्यंत आला आणि अंग थकलं. एकादशी तर उद्यावर. मग विठोबाच पंढरपूर सोडून त्याला भेटायला आला. आजोबा एवढंच सांगून थांबले आणि नातीचं नाक पुसायला लागले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली होती, पण त्या बाकावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यात कूर्मदासाला हातपाय फुटत नाहीत. त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून हातपाय नाहीत, असंही कुणी म्हणत नाही. ही गोष्ट सासूबाईंना ठाऊक असणार. त्यांनाच सांगायला लावा, बाळाला मांडीवर घेऊन.

कारण सासूबाई तुम्हाला जे बोलतात त्यामागं त्यांचीही भीती आहे. "माझ्या डोळ्यांदेखत हा चालला नाही तर?" हे त्यांना कुणापुढं बोलता येत नाही, म्हणून ते तुमच्या श्रद्धेवर येऊन पडतं. ते बरोबर नाही, आणि "असं बोलू नकोस, तिला लागतं" हे नवऱ्यानं आईला सांगायला हवं, तुम्ही नाही. (तुमच्या पत्रात नवऱ्याचा एकही शब्द नाही. माझ्याकडं कित्येक बाप फाटकापाशी मोटरसायकलवर बसून असतात. आत बोलावलं आणि "हा पाय एवढा धरा" म्हणून हातात पाय दिला की बरेच जण रडतात.) सासूबाईंना मात्र काम द्या. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी बाळाला उभं राहायच्या फळीत, स्टँडरमध्ये, पट्टे लावून देवघरापुढं उभं करा. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, मग सवयीनं वीस. पायांवर भार पडतो, खुब्याला ते हवंच असतं. टाळ दोन्ही हातांत धरून वाजवायला लावा, एक हात आजीनं धरायचा. दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणायला मी गादीवर अर्धा तास झगडते, ते टाळावर आपोआप होतं. घंटेची दोरी त्याच्या हाताला पोचेल अशी लांब करा. हा नवस नाही आणि उपचाराच्या जागी दुसरा उपचारही नाही. घरातली आरती चालू असताना तो कोपऱ्यात आडवा पडून छताकडं बघत नसेल, एवढंच मला हवंय.

प्रसादाचं एक सांभाळा. खोबऱ्याचा तुकडा, शेंगदाणा, फुटाणे त्याला देऊ नका. घशाचे स्नायू नीट चालत नसतील तर ते श्वासनलिकेत जातात. तीर्थ, पंचामृत आडव्या मुलाच्या तोंडात घालू नका. सरळ बसवून, हनुवटी थोडी खाली, चमच्यानं थोडं थोडं. वारंवार छातीत कफ होत असेल तर गिळताना अन्न श्वासनलिकेत जात असेल, तेही तपासून घ्या.

आणि तुमचे उपास. आठवड्याला गुरुवार, महिन्याला संकष्टी, आणि त्याच दिवशी पंधरा-सोळा किलोचं ताठ मूल दहा वेळा उचलायचं. सहा वर्षांच्या मुलाची आई तिशीतच कंबर धरून येते, हे मी रोज बघते. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तो तुमच्याबरोबर पडेल. धरायचाच असेल तर दूध, केळं, भगर पोटभर खाऊन धरा. सोडायचा असेल तर तो बिनघोर सोडा. पाच वर्षांच्या गुरुवारांनी त्याच्या पायात काही गेलं नाही, तसं सोडल्यानं काही निघूनही जाणार नाही.

ही शंका एकदा येऊन संपत नाही, हेही सांगून ठेवते. बारशाला आली असेल, शेजारचं मूल शाळेत जाताना आली असेल, तो वयात येताना पुन्हा येईल. आणि सगळ्यात मोठी ती "आमच्या माघारी काय?" ही. तिचं थोडं उत्तर देवाकडं असेल, थोडं कागदावर आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात अशा मुलांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. त्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

मॅडम, तुमचा देवावर विश्वास आहे का, असं बऱ्याच आया विचारतात. मी संध्याकाळी दिवा लावते. काही संध्याकाळी, एखादं मूल गेलेलं असतं तेव्हा, लावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

या महिन्यात कमरेचा एक्स-रे काढून घ्या. येताना जुनी फाईल, काचेच्या पेटीतले कागद असतील तर तेही आणि सध्याच्या गोळ्यांचं पाकीट आणा. त्याचे टाळ आणा. सासूबाईंना घेऊन या, आणि नवऱ्याला सांगा, गाडी फाटकात लावून आत यायचं आहे.